ईएसपी३२ चा ३० पिनी बोर्ड: शाळेच्या प्रयोगशाळेत वापरून पाहिल्यावर

पाचशे रुपयांच्या आत मिळणारी, नववीच्या मुलांना सगळ्यात जास्त शिकवून जाणारी वस्तू कोणती, असं कोणी विचारलं तर मी ईएसपी३२ चा ३० पिनी बोर्ड असंच सांगेन: सेन्सर आणि दिवे जोडून, कोड लिहून चालवायचा वायफायवाला छोटासा कॉम्प्युटर. आणि त्याच दमात हेही सांगेन, की त्याला वीजपुरवठा नीट द्या. वायफाय तुटतं, मधेच रीस्टार्ट होतो, रीडिंग उड्या मारतं, अशा तक्रारी या बोर्डाबद्दल सारख्या कानावर येतात. त्यांतल्या बऱ्याचशा बोर्डाच्या नसतातच, त्याला दिलेल्या पुरवठ्याच्या असतात. हे मुलांबरोबर मीटर लावून पाहिलेलं आहे, म्हणून एवढ्या ठामपणे लिहिते आहे.

मी दादरच्या एका मराठी शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. आमच्याकडे अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून शिकायची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा, नाही. ज्या शाळांना ती मंजूर होते त्यांना नीती आयोगाकडून २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. आमच्याकडे आहेत विज्ञान प्रदर्शनासाठी बाजूला ठेवलेले थोडे पैसे, माजी विद्यार्थ्यांनी दिलेले दोन जुने कॉम्प्युटर, आणि शनिवारी शाळा सुटल्यावरही थांबायला तयार असलेली मुलं. त्यामुळे वस्तू घेताना मी एकच बघते: मुलाच्या हातून ती बिघडली तर त्याला पुढच्या शनिवारी यायची भीती वाटता कामा नये. या बोर्डाची किंमत त्या हिशेबात बसते.

शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने २०१६ मध्ये ही चिप बाजारात आणली. दोन कोअर, २४० मेगाहर्ट्झपर्यंत वेग, ५२० किलोबाइट रॅम, वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही आतच. काउंटरवर मिळतो त्या बोर्डावर या चिपचं वरूम-३२ मॉड्यूल असतं. त्याच्यावर पत्र्याची टोपी, आणि टोपीच्या बाहेर नागमोडी रेघ दिसते तो अँटेना. बाजूला यूएसबीची चिप, ५ व्होल्टचे ३.३ करणारा एएमएस१११७ रेग्युलेटर, ईएन आणि बूट ही दोन बटणं, एक लाल दिवा आणि एक निळा. निळा दिवा जीपीआयओ २ या पिनला जोडलेला असतो, त्यामुळे पहिला ब्लिंक, म्हणजे दिव्याची उघडझाप, करायला बाहेरून काहीही जोडावं लागत नाही. पहिल्या दिवशी पंचवीस मुलांसमोर ही फार मोठी सोय आहे. ज्यांनी आर्डुइनो उनो हा शिकण्यासाठीचा नेहमीचा बोर्ड वापरलाय त्यांच्यासाठी तुलना सांगते: उनोवरच्या एटीमेगा३२८पी चा वेग १६ मेगाहर्ट्झ, रॅम २ किलोबाइट. आणि क्लोन उनो काही याच्यापेक्षा फार स्वस्त मिळत नाही.

पण आकडे वाचून बोर्ड कळत नाही. आम्ही त्याला ज्या कामाला जुंपलं ते सांगते.

आमच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे हे बघायला शिपाईमामांना रोज जिने चढायला लागायचे. खाली पंप लावायचा, अंदाजाने वर जायचं, झाकण उचलून बघायचं, परत खाली. मामांचे गुडघे दुखतात, हे मुलांना माझ्याआधी दिसलं. प्रदर्शनासाठी काय करायचं हा विषय निघाला तेव्हा नववीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, मामांची टाकी करू या." तिथून सुरुवात.

सेन्सर घेतला जेएसएन-एसआर०४टी, पाण्यापासून बचाव असलेला अल्ट्रासॉनिक, म्हणजे आवाज सोडून तो परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजणारा. गाडीच्या बंपरला पार्किंगसाठी असतो तशी त्याची गोल टिकली, आणि तिच्यामागे लांब वायर. त्याची एक मर्यादा घेण्याआधी माहीत हवी: २० ते २५ सेंटिमीटरपेक्षा जवळचं त्याला नीट मोजता येत नाही. म्हणून टिकली ओव्हरफ्लोच्या पाइपपासून फूटभर वर बसवली, म्हणजे टाकी काठोकाठ भरली तरी पाणी त्याच्या आंधळ्या पट्ट्यात शिरत नाही. सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि त्याचा एको पिनही, म्हणजे आवाज परत आल्याचं बोर्डाला कळवणारा पिन, ५ व्होल्ट देतो. ईएसपी३२ चे पिन ३.३ व्होल्टचे. इथे मधे व्होल्टेज कमी करायला दोन रेझिस्टरची जोडी लावावी लागते, १ किलोओहम आणि २ किलोओहम. २ चा हाताशी नसेल तर १ चे दोन एकापुढे एक. उनोवर हे काही करावं लागत नाही, आणि उनोवरून इकडे येणारे नेमके इथे बोर्ड गमावतात. रेझिस्टर पैशांत मिळतो, तेव्हा ही पायरी कोणी गाळू नये.

आवाज २० अंश सेल्सिअसला सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे एक सेंटिमीटर जाऊन परत यायला ५८ मायक्रोसेकंद. सगळे जण कोडमध्ये ५८ ने भागतात, मुलांनीही भागलं. मग एका मुलाने विचारलं, की मे महिन्यात टाकीतली हवा ४० अंशांवर गेली तर? गणित मांडलं. ४० अंशांना वेग ३५५ च्या आसपास, म्हणजे दीड मीटर अंतरात पाच सेंटिमीटरचा फरक. मामांना टाकी अर्धी आहे की भरली एवढंच कळायला हवं आहे, त्यासाठी पाच सेंटिमीटर सोडून देता येतात. पण तापमानाचा डीएस१८बी२० सेन्सर लावून हा फरक कोडमध्येच काढून टाकता येतो, आणि त्या मुलाने तो काढलाच. वायफाय आणि सेन्सर सांभाळून बोर्डात एवढ्या सगळ्याला जागा उरते, हे मला या बोर्डाचं मोठं बळ वाटतं. मुलाला प्रश्न पडला की "आता यात नाही बसणार" असं सांगावं लागत नाही.

गच्चीपासून मामांच्या खोलीपर्यंत निरोप कसा पोचवायचा? शाळेचं वायफाय ऑफिसपुरतं, गच्चीवर ते येत नाही. इथे ईएसपी-नाऊ कामाला आलं. दोन ईएसपी३२ एकमेकांचा मॅक पत्ता, म्हणजे प्रत्येक बोर्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक, धरून राउटरशिवाय थेट बोलतात, एका निरोपात निदान २५० बाइट पाठवता येतात. आमचा निरोप चारच बाइटचा. गच्चीवरचा बोर्ड पाठवतो, खोलीतला ऐकतो आणि तीन दिवे व बझर चालवतो. मामांची अट एकच होती: "बाई, आवाज मोठा ठेवायला सांगा पोरांना. शाळा सुटते तेव्हा काय ऐकू येत नाय." म्हणून बझर पिनवर थेट न लावता बीसी५४७ ट्रान्झिस्टरमधून ५ व्होल्टवर चालवला. दोन बोर्ड मिळून हजाराच्या आत वायरलेस यंत्रणा उभी राहिली. ही सोय उनोवर करायची तर वेगळं रेडिओ मॉड्यूल, त्याची वेगळी लायब्ररी, त्याच्या वेगळ्या कटकटी.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. पंप सुरू-बंद करायचं काम आम्ही या यंत्रणेला दिलेलं नाही. स्टार्टरला २३० व्होल्ट असतात, तिथे मुलांचे हात जाणार नाहीत आणि माझेही. ते इलेक्ट्रिशियनचं काम. यंत्रणा फक्त सांगते, पंप मामा बंद करतात.

आता पुरवठ्याचं. गच्चीवर पॉइंट नव्हता. जिन्यातून एक जुनी बारीक केबल आधीच वर गेलेली होती, तिच्यातून खालच्या मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट वर न्यायचं मुलांनी ठरवलं. टेबलावर तासन्‌तास बिनतक्रार चाललेला बोर्ड गच्चीवर गेल्यावर दर थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायला लागला. लॅपटॉप जोडून पाहिलं तर सीरियल मॉनिटरवर ओळ आली, "ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड", म्हणजे व्होल्टेज फार खाली गेलं. बरेच लोक या जागी बोर्ड डुप्लिकेट आहे म्हणून दुकानदाराशी भांडायला जातात, नाहीतर कोडमधून तो डिटेक्टरच बंद करून टाकतात. डिटेक्टर बंद करणं फार वाईट. तो बिचारा खरं तेच सांगत असतो.

आम्ही केबलचं वरचं टोक शॉर्ट केलं, खालून मीटर लावला. जाऊन-येऊन ४ ओहम भरले. मग फळ्यावर ओहमचा नियम. वायफाय चालू होताना बोर्ड क्षणभर भरपूर करंट खेचतो, म्हणून एस्प्रेसिफ स्वतः निदान ५०० मिलिअँपिअर देऊ शकणारा पुरवठा घ्यायला सांगते. अर्धा अँपिअर गुणिले ४ ओहम म्हणजे २ व्होल्ट केबलनेच खाल्ले. बोर्डाच्या तोंडी पोचले ३. एएमएस१११७ ला ३.३ व्होल्ट काढून द्यायला वर आणखी साधारण १ व्होल्ट हवा असतो, तो कुठून आणणार? फळ्यावर शेवटची वजाबाकी झाली आणि मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे बोर्ड चांगलाय, उपाशी आहे." नववीच्या पुस्तकातला ओहमचा नियम या मुलांना असा भेटला, आणि मला नाही वाटत आता ती तो विसरतील.

उपाय साधा. बारीक केबलच्या जागी १ स्क्वेअर एमएमची वायर ओढली, रोध अर्ध्या ओहमवर आला. बोर्डाच्या व्हीआयएन (पुरवठा आत घेणारा पिन) आणि ग्राउंडच्या अगदी जवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, म्हणजे तो क्षणभराचा झटका तिथल्या तिथे भागतो. त्यानंतर बोर्डाने मान टाकलेली नाही. अंतर याहून मोठं असेल तर १२ व्होल्ट वर पाठवून तिथे बक कन्व्हर्टरने ५ करणं जास्त बरं. टेबलावरसुद्धा हाच नियम लागू आहे: मोबाइलसोबत आलेल्या काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात आणि कॉम्प्युटरला बोर्ड दिसतच नाही. प्रयोगशाळेत मी चांगल्या केबलना लाल टेप गुंडाळून ठेवली आहे.

मामांच्या खोलीतल्या बोर्डाला ०.९६ इंची ओएलईडी पडदा जोडला, १२८ बाय ६४ ठिपक्यांचा, एसएसडी१३०६ चिपचा. मुलांना त्यावर "टाकी भरली" मराठीत हवं होतं. नेहमीच्या लायब्ररीतला फॉन्ट देवनागरी दाखवत नाही, जोडाक्षरं-वेलांट्या तर दूरच. मग मुलांनी गणिताच्या चौकटीच्या वहीत अक्षरं काढली, एक चौकट म्हणजे एक ठिपका, आणि त्याचं चित्र करून कोडमध्ये घातलं. पूर्ण पडद्याचं चित्र १०२४ बाइटचं होतं, ४ मेगाबाइट फ्लॅशपुढे ते काहीच नाही. वेळ गेला तो भ वर. एवढ्या लहान आकारात भ च्या डोक्यावरची शिरोरेघ जिथे तुटते तिथे निदान दोन ठिपके मोकळे सोडले नाहीत, तर तो सरळ म वाचला जातो. एका मुलीने ते अक्षर खोडून खोडून पानाला भोक पडेपर्यंत बसवलं. शेवटी शिरोरेघ दोन ठिपके जाड आणि तुटकी जागा तीन ठिपक्यांची, असं जमलं. मामांनी चष्मा न लावता लांबून वाचलं.

बोर्डाच्या खऱ्या उणिवाही आहेत, त्या लपवत नाही.

पिन सगळे सारखे नाहीत, आणि हे बोर्डावर कुठेही छापलेलं नसतं. ३४ पासून ३९ पर्यंतचे पिन फक्त इनपुटचे, त्यांना आतला पुल-अपही (बटण जोडताना पिन ३.३ व्होल्टला धरून ठेवणारा रेझिस्टर) नाही. तिथे एलईडी लावून मूल तासभर बसतं आणि शेवटी स्वतःला दोष देतं. ३६ आणि ३९ तर व्हीपी, व्हीएन या नावांनी छापलेले असतात. सुरू होताना जीपीआयओ १२ वर व्होल्टेज असेल तर बोर्ड उठतच नाही. अ‍ॅनालॉगसाठी असलेल्या दोन गटांपैकी दुसरा, एडीसी२, वायफाय चालू असताना वापरता येत नाही. पहिला गटही दोन्ही टोकांना सरळ रेषेत मोजत नाही, पोटेन्शिओमीटर पूर्ण फिरण्याआधीच ४०९५, म्हणजे सगळ्यात मोठं रीडिंग, येऊन बसतं. मी पिनांचा एक तक्ता मोठ्या अक्षरांत काढून भिंतीला लावलाय. ३८ पिनी बोर्ड न घेता ३० पिनी घ्या म्हणते त्याचं एक कारण इथेच आहे: फ्लॅशला गुंतलेले ६ ते ११ हे पिन यात बाहेर काढलेलेच नसतात, चुकून हात लागायची भीती नाही. दुसरं म्हणजे आम्ही घेतलेला हा बोर्ड अरुंद आहे. ब्रेडबोर्डवर दोन्ही बाजूंना वायर खुपसायला एकेक ओळ तरी उरते.

बॅटरीवर चालवायचं असेल तर हा बोर्ड घेऊ नका. चिप स्वतः डीप स्लीपमध्ये, म्हणजे जवळजवळ सगळं बंद करून झोपलेली असताना, सुमारे १० मायक्रोअँपिअर घेते, जाहिरातीत तोच आकडा असतो. पण बोर्डावरचा लाल दिवा, रेग्युलेटर आणि यूएसबीची चिप झोपत नाहीत. सगळं मिळून १० मिलिअँपिअर धरले तर २५०० मिलिअँपिअर-तासांचा सेल साधारण दहा दिवसांत संपेल. ज्यांना महिनोन्‌महिने बॅटरीवर चालणारं काही करायचंय त्यांनी त्यासाठी बनवलेला वेगळा बोर्ड बघावा.

आणखी एक, नव्याने शिकणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. कोड लिहायच्या आर्डुइनो प्रोग्रॅममध्ये ईएसपी३२ साठी टाकायचं सॉफ्टवेअर (त्यालाही कोअरच म्हणतात) २०२४ मध्ये ३.० झालं, तेव्हा पीडब्ल्यूएमची, म्हणजे दिव्याचा उजेड कमी-जास्त करायला वापरतात ती, फंक्शनं बदलली. पूर्वी एलईडीसी-सेटअप आणि एलईडीसी-अटॅचपिन अशा दोन ओळी लिहायच्या, आता एकच एलईडीसी-अटॅच. जुने व्हिडिओ बघून कोड टाइप केला की लाल अक्षरांत एरर येते आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. बोर्ड मॅनेजरमध्ये आवृत्ती कोणती आहे ते आधी बघा. कोड चढवताना "कनेक्टिंग" पुढे ठिपके नुसतेच येत राहिले तर बूटचं बटण दाबून धरा, बहुतेकदा तेवढ्यावर काम होतं.

मग उनो काढून टाकायचा का? अजिबात नाही. आमच्याकडे सहावी-सातवीची मुलं अजून उनोवरच सुरुवात करतात. ५ व्होल्टचा आहे, चुका पोटात घालतो, आणि लांबट चिपवाल्या उनोवरची चिप जळली तर सॉकेटमधून उपटून नवी बसवता येते. ईएसपी३२ जळला की सगळा बोर्ड गेला. एक-दोन महिने उनो, मग हा, असा क्रम मला योग्य वाटतो.

पावसाळ्याबद्दल दोन वाक्यं. गच्चीवरचा बोर्ड रबरी पॅकिंगच्या प्लास्टिक डब्यात, वायर खालच्या बाजूने ग्लँडमधून (वायरीभोवती घट्ट बसणारी प्लास्टिकची खोबण) आत घेतलेल्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी आत शिरत नाही. डबा धातूचा घेऊ नका, अँटेना कोंडला जातो. आपल्या दमट हवेत ब्रेडबोर्ड आणि जंपर वायरी एका पावसाळ्याच्या वर भरवशाच्या राहत नाहीत, त्यामुळे कायमचं बसवायचं ते झीरो पीसीबीवर, म्हणजे नुसत्या भोकांच्या पट्टीवर, सोल्डर करून घ्या.

कुठून घ्यायचा? मी लॅमिंग्टन रोडचं नाव घेईन. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, विचारताना मात्र लॅमिंग्टन रोडच म्हणा. दादरहून धीमी लोकल, ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं आणि चालत जायचं. ऑनलाइन कधी कधी थोडं स्वस्त पडतं. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेल्या बोर्डांपैकी एकाचं यूएसबी सॉकेट हलत होतं, आणि परत पाठवण्याच्या पत्रव्यवहारात प्रदर्शन जवळ येऊन ठेपलं. काउंटरवर वस्तू हातात घेऊन बघता येते. त्याहून मोलाचं म्हणजे काउंटरवरची माणसं विचारतात. बीसी५४७ मागितला तेव्हा समोरच्या काकांनी लगेच विचारलं, "कशावर चालवणार? रिले असेल तर डायोड पण घेऊन जा." बझर म्हटल्यावर त्यांनी डायोड परत बरणीत टाकला. विकायचा म्हणून विकला नाही.

जाताना स्वतःची तपासलेली केबल आणि पॉवर बँक न्या. गर्दी नसेल तर दुकानात तिथल्या तिथे लावून बघू देतात: लाल दिवा लागला पाहिजे, सॉकेट हलता कामा नये, हेडरच्या पिनांना चांगलं सोल्डर हवं. टाइप-सी सॉकेटचा बोर्ड घेणार असाल तर काही स्वस्त बोर्डांवर लागणारे दोन रेझिस्टर गाळलेले असतात आणि दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर ते चालूच होत नाहीत, तेव्हा तशीच केबल लावून बघा. यूएसबीची चिप सीएच३४० आहे की सीपी२१०२ ते विचारून ठेवा, शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर ड्रायव्हर टाकायला उपयोगी पडतं. शाळेच्या नावाने घ्यायचं तर जीएसटीचं पक्कं बिल आधीच मागा. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. शनिवारी दुपारनंतर गर्दी वाढते, कामाच्या दिवशी सकाळी दुकानं उघडता उघडता गेलात तर काकांना बोलायला वेळ असतो.